आचंद्रार्क नाव आणि रद्द केलेला धनादेश

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत जे ब्लॉकपासून एस ब्लॉकपर्यंत ज्याने एकदा तरी पायी फेरफटका मारला असेल, त्याच्या ही गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल की, कामाच्या मापात मायक्रॉनचीही चूक खपवून न घेणारा येथील कारखानदार स्वतःच्या कारखान्याचे नाव ठेवताना मात्र कमालीचा उदार असतो. श्री गणेश इंजिनिअरिंग वर्क्स एका गल्लीत दोन आणि तिच्या मागच्या गल्लीत आणखी एक. साई एंटरप्रायझेस तर गणतीच्या पलीकडे. आणि जवळच चिंचवडला मोरया गोसावींची समाधी असल्यामुळे, ज्यांना गणेश हे नाव फार सामान्य वाटले त्यांनी मोरया हे नाव घेऊन आपले वेगळेपण राखलेले. परस्थ माणसाला वाटावे की या नामसादृश्यामुळे येथे नित्य अनर्थ ओढवत असतील, एकाचे लोखंड दुसऱ्याच्या दारात उतरत असेल आणि तिसऱ्याच्या नावाने तगादे जात असतील. परंतु तसे काही घडत नाही. नाल्याकडचा गणेश, वजनकाट्यामागचा गणेश आणि ज्याचा मालक तापट आहे तो गणेश, हे तिन्ही टेम्पोवाल्याला मुखोद्गत असतात. आणि चाकणच्या बड्या कंपनीला तर गणेशाशी काही कर्तव्यच नसते, कारण तिच्या दप्तरी तो केवळ एक व्हेंडर कोड असतो. पाटीवरच्या नावाला खरा मान मिळतो तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला, झेंडूच्या माळेखाली ते पूर्णपणे झाकले जाते तेव्हा.

अशा या प्रदेशात आमच्या भाच्याने एके दिवशी असे जाहीर केले की, आपल्या वडिलांच्या वर्कशॉपसाठी त्याने असे एक नाव मिळविले आहे की जे अखिल विश्वात एकच आहे, जे सरकार, बँक, महापालिका, एमआयडीसी किंवा महावितरण यांपैकी कोणालाही काढून घेता येणार नाही, ज्या नावावर पृथ्वीच्या पाठीवरून कोठूनही पैसे पाठविता येतात, आणि ज्या नावावर वर्कशॉपचे संकेतस्थळही, कोणत्याही कंपनीच्या मेहेरबानीवाचून, उभे राहते. नावाच्या शेवटी डॉट कॉम नव्हते, डॉट इन नव्हते. डॉट ईथ होते. आमचे दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, त्या वेळी लेथवर एका बुशाचे माप घेत उभे होते. त्यांनी व्हर्नियर खाली ठेवला, चष्मा कपाळावर सारला आणि अत्यंत शांतपणे विचारले, "ते समदं खरं. पण कोड मिळाला का?"

वाचकांपैकी जे या विद्येत पारंगत नसतील त्यांच्या सोयीसाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. ब्लॉकचेन ही मुळात एक खतावणी. फरक इतकाच की तिच्या प्रती एका कचेरीच्या कपाटात नसून जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिल्या जातात, आणि एकदा चढलेली नोंद मागाहून कोणाला खोडता येत नाही. ज्यांनी आपल्या जमिनीच्या फेरफारासाठी तलाठी कार्यालयाचे उंबरे झिजविले आहेत त्यांना हा प्रकार काल्पनिक वाटेल, पण तो खरा आहे. इथीरियम नावाच्या अशा खतावणीत खातेदाराचा जो पत्ता असतो तो ४२ अक्षरांचा असतो: आरंभी शून्य आणि एक्स, आणि त्यापुढे अंक व रोमन अक्षरे यांची ४० जणांची अशी पंगत की जिच्यात कोण कोणाशेजारी का बसला आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. त्यातले एक अक्षर चुकले तरी ती चूक बहुधा यंत्राच्या ध्यानात येते. पण भलत्याच माणसाचा बिनचूक पत्ता उतरविला, तर पैसे तिकडे जातात आणि मग ते परत मागण्यासाठी कोणतीही खिडकी उघडी नसते. तेव्हा या पंगतीऐवजी उच्चारता येण्याजोगे एखादे नाव असावे, ही इच्छा साहजिक होती. २०११ साली नेमकॉइन नावाच्या मंडळींनी डॉट बिटचा प्रयोग करून पाहिला, आणि २०१७ सालच्या मे महिन्यात निक जॉन्सन नामक गृहस्थांच्या पुढाकाराने इथीरियम नेम सर्व्हिस ही व्यवस्था सुरू झाली. नाव घ्यावे, त्या नावापुढे आपला ४२ अक्षरी पत्ता नोंदवावा, वाटल्यास संकेतस्थळाचाही ठिकाणा त्यातच लिहावा, आणि मग चारचौघांत ताठ मानेने आपले नाव सांगावे, अशी ही योजना.

या नावांचे दरपत्रक मात्र आम्ही मोठ्या रसिकतेने वाचले, कारण इतके निर्विकार दरपत्रक आम्ही मुद्रांक विभागातही पाहिलेले नाही. रोमन लिपीत तीन अक्षरी नावास वर्षाला ६४० डॉलर, चार अक्षरीस १६० डॉलर, आणि पाच किंवा त्याहून अधिक अक्षरांच्या नावास अवघे ५ डॉलर. तीनहून कमी अक्षरांच्या नावांना प्रवेशच नाही. त्यामुळे ओम् हा आद्यध्वनी दोन अक्षरांत मावत असल्याच्या अपराधास्तव त्या दरबाराबाहेर राहिला आहे. नातेसंबंधांना हे कोष्टक लावून पाहिले असता आई ६४० डॉलरांना पडते, हे न्याय्यच झाले; बाबा, काका आणि आत्या १६० च्या श्रेणीत येतात; आणि ज्यांच्या स्वयंपाकावर आम्ही लहानाचे मोठे झालो त्या मावशीची, व तिच्याच पंक्तीला वहिनीची, वासलात पाच डॉलरांत लागते. आम्ही स्वतः मामा या वर्गात मोडत असल्यामुळे आमचा भाव मावशीच्या बत्तीसपट निघाला, आणि त्या दिवसापासून या पद्धतीविषयी आमच्या मनात काहीसा आदर उत्पन्न झाला हे आम्ही नाकारीत नाही.

याहून रम्य भाग पुढे आहे. वर्षाचे भाडे भरावयाचे राहिले तर ९० दिवसांची सवलत मिळते. तीही उलटली की ते नाव उतरत्या लिलावात निघते, आणि त्या लिलावाचा पुकारा सुरू होतो तो दहा कोटी डॉलरांपासून. पहिल्या दिवशी दहा कोटी, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी अडीच, असे निम्म्यानिम्म्याने उतरत एकविसाव्या दिवशी ते पूर्ववत पाच डॉलरांवर येते. भाच्याने हे सांगितले तेव्हा दाजींच्या मुद्रेवर, आम्ही त्यांना ओळखत असल्यापासून प्रथमच, संगणकविषयक आस्था उमटलेली दिसली. "म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या नावाला पहिल्या दिवशी दहा कोटी?" ते म्हणाले. "मग इसरूच द्या की भाडं भरायचं." ते दहा कोटी नाव गमावणाऱ्याला मिळत नसून नवे नाव घेणाऱ्याला द्यावे लागतात, हे समजल्यावर त्यांनी पुन्हा व्हर्नियर उचलला.

आता पैशांच्या देवघेवीकडे वळू. हा सारा मुलूख पैशाच्या वेगवेगळ्या नाव-रूपांना सरावलेला आहे. पेशवाईत चिंचवडला टांकसाळ होती, चिंचवडी रुपया म्हणून वेगळा रुपया चालत असे, आणि एका टांकसाळीचा रुपया देऊन दुसऱ्या टांकसाळीचा घेताना मधला सराफ आपला बट्टा कापून घेत असे. भाच्याने आम्हांला ज्या शुल्काचे वर्णन केले, म्हणजे प्रत्येक व्यवहाराच्या वेळी खतावणी लिहिणाऱ्यांना द्यावे लागणारे, गर्दी असेल तेव्हा चढणारे आणि जगाचा निजण्याचा समय झाला की उतरणारे ते शुल्क, ते ऐकून आमची खात्री झाली की सराफ मरत नसतो, तो फक्त पेढी बदलतो. हे शुल्क मध्यरात्रीनंतर स्वस्त होईल या समजुतीने आमचा भाचा कित्येकदा रात्री जागत बसे. भोसरीत औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते, पण इथीरियमला गुरुवार ठाऊक नसल्यामुळे त्याचा हिशेब नेहमी चुके.

परंतु इथीरियमच्या या नाण्याची खरी दैना झाली ती लांडेवाडीच्या चौकात, वडापावाच्या गाडीपाशी. २०१६ सालच्या एप्रिलात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय सुरू केल्यापासून या देशात खातेक्रमांक पाठ करण्याची विद्या लुप्तप्राय झाली आहे. गाडीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रापुढे फोन धरावा, आणि तेलाच्या कढईशेजारी ठेवलेल्या डबीतून एका अदृश्य बाईने रक्कम जमा झाल्याचे सर्व चौकाला ऐकू जाईल अशा स्वरात पुकारावे, इतक्यावर व्यवहार संपतो. बेचाळीस अक्षरांची जी अडचण दूर करण्यासाठी सातासमुद्रापार एवढी खटपट झाली, ती अडचण वडापाववाल्याला कधी भेटलीच नव्हती. भाच्याने त्याला आपले नाव देऊ केले, त्याने ते दोनदा ऐकून घेतले आणि नम्रपणे विचारले, "दादा, आवाज येतो का ह्याचा?" आवाज येत नव्हता.

शिवाय मध्ये आयकर खाते उभे आहे. २०२२ सालच्या १ एप्रिलपासून अशा आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणावरील नफ्यास सरसकट ३० टक्के कर लागतो, एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि त्याच सालच्या १ जुलैपासून ठरावीक मर्यादेवरील व्यवहारात एक टक्का रक्कम मुळातच कापून भरावी लागते. म्हणजे या नाण्याने कोणी दोन वडापाव घेतले, तर ते नाणे त्याने मुळात कितीला घेतले होते, वडापाव घेतेवेळी त्याचा भाव काय होता, आणि त्या दोहोंमधील अंतर किती, हे चटणीसकट टिपून ठेवणे त्याला प्राप्त झाले. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून चार हात दूर राहण्यास फर्मावले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालच्या मार्चमध्ये ते फर्मान रद्द ठरविले. पण मनाई उठणे आणि मोकळीक मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ज्यांनी सासरी काही काळ वास्तव्य केले आहे त्यांना सांगावयास नको.

इतके असूनही दाजींचा विरोध यांपैकी कोणत्याच कारणासाठी नव्हता. तो कशासाठी होता हे कळण्यास या पट्ट्यातील पैशांची गती थोडी समजून घेतली पाहिजे. येथे लहान वर्कशॉपवाला माल देतो आज, आणि पैसे मिळतात ते एका दीर्घ तीर्थयात्रेनंतर. माल स्टोअरमध्ये उतरतो, क्यूसी तपासतो, जीआरएन होतो, किंवा होत नाही, बिल परचेसकडून अकाउंट्सकडे जाते, अकाउंट्समधले साहेब रजेवर असतात, ते परततात तेव्हा मोठे साहेब परदेशी गेलेले असतात, आणि मग तीन नग रिजेक्शनचे निघाल्यामुळे डेबिट नोट येते. २००६ सालच्या लघुउद्योगविषयक कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावेत असे बजावले आहे, आणि अलीकडे आयकराच्या कायद्यातही असे कलम आले आहे की, मुदत टाळून थकविलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत मोठ्या कंपनीला ती खर्च म्हणून दाखविता येऊ नये. तथापि हा कायदा जो पुढे करील त्याला पुढच्या महिन्यात ड्रॉइंग मिळत नाही, अशी वहिवाट असल्यामुळे बहुतेक मंडळी कायदा घरात ठेवतात आणि यात्रेला निघतात. आणि जो वरच्याकडून असा टांगला गेला आहे, तो आपल्या खालच्यांना, म्हणजे प्लेटिंगवाल्याला, हार्डनिंगवाल्याला आणि टूल-बिटवाल्याला, त्याच मुदतीने टांगतो. या साखळीतील प्रत्येक दुवा "वरून आलं की देतो" या एका मंत्रावर उभा आहे, आणि तो मंत्र टिकून आहे तो एकाच आधारावर: खरोखर वरून आले की नाही, हे कोणालाच कळत नाही.

आता कल्पना करा की पाटीवर डॉट ईथचे नाव रंगविले आहे. ती खतावणी सर्वांना उघडी आहे. नावावरून पत्ता निघतो. पत्त्यावरून शिल्लक निघते. कोणी, कधी, किती पाठविले आणि त्यातून पुढे काय गेले, हे कोणीही, कोणताही अर्जफाटा न करता, प्लेटिंगच्या टाकीपाशी उभ्याउभ्या पाहू शकतो. भाचा ही गोष्ट पारदर्शकतेचा परमोत्कर्ष म्हणून सांगत होता. दाजी ऐकत होते, आणि त्यांचा वर्ण क्रमाक्रमाने पालटत होता. "म्हणजे प्लेटिंगवाल्याला दिसणार?" त्यांनी विचारले. "दिसणार." "आणि तुझ्या थोरल्या काकाला?" "त्यांनाही दिसणार, बाबा." दाजी थोडा वेळ स्तब्ध राहिले. सन १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा संग्रामदुर्ग शायिस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढे पन्नासाहून अधिक दिवस झुंजवला, तो तट भक्कम होता म्हणून. तटच काढून टाकून किल्ला लढविण्याची सूचना त्याला कोणी केली असती तर त्याने जे उत्तर दिले असते, ते दाजींनी दिले. ते येथे छापण्याजोगे नाही.

भाच्याचा एक बचाव होता, तो नमूद करणे न्यायाला धरून होईल. त्याचे म्हणणे असे की, मग चाकणच्या बड्या कंपनीलाही असेच नाव घ्यावयास लावावे, म्हणजे साहेब खरोखर परदेशी गेले आहेत की पैसेच खात्यात लोळत पडले आहेत, हे आपल्यालाही दिसेल. ही सूचना तात्त्विक दृष्ट्या निर्दोष आहे. ती कंपनीपुढे मांडण्यासाठी मात्र आजपर्यंत कोणी पुढे आलेले नाही, कारण ती जो मांडील त्याचे नाव काय आहे हे कंपनीला लागलीच कळेल.

संकेतस्थळाची कथा तुलनेने निरुपद्रवी आहे. नेहमीचे संकेतस्थळ कोणा कंपनीच्या संगणकावर भाड्याने असते. भाचा ते ठेवणार होता इंटरप्लॅनेटरी फाइल सिस्टीमवर. नावात ग्रहगोल आहेत, म्हणून दाजींना ते प्रथम पत्रिकेचे प्रकरण वाटले. २०१५ साली निघालेल्या या पद्धतीत पानाला जागेवरून पत्ता मिळत नाही, तर त्याच्या मजकुरावरूनच त्याची खूण सिद्ध होते. त्यामुळे मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी ठिकाणा बदलतो, आणि नवा ठिकाणा नावापुढे नोंदविण्यास पुन्हा शुल्क पडते. भाच्याने पान मोठे देखणे केले होते: वर गणपती, खाली व्हीएमसी मशिनचे छायाचित्र, त्याखाली जिग-फिक्स्चरची यादी आणि शेवटी दाजींचा मोबाइल क्रमांक. दाजींनी क्रमांक बदलला. भाच्याने रात्र जागून नवा ठिकाणा नोंदविला. मग दाजींना पूर्वीचाच गणपती अधिक प्रसन्न वाटू लागला.

आणखी एक गोष्ट या विद्येचे प्रचारक हळू आवाजात सांगतात. पान ग्रहगोलांच्या व्यवस्थेवर ठेवले म्हणजे ते आपोआप टिकते असे नाही. कोणीतरी, कोठेतरी, आपल्या संगणकावर ते जपून ठेवावे लागते, नाहीतर नाव तेवढे राहते आणि पान नाहीसे होते. तेव्हा भाच्याने वर्कशॉपमधला जुना संगणक, ज्यावर एरवी चलने छापली जातात, तो अहोरात्र चालू ठेवला. कोणत्याही कंपनीच्या आधारावाचून उभे असलेले ते संकेतस्थळ अशा रीतीने महावितरणच्या एका फ्यूजवर येऊन विसावले.

पान उभे राहिले तेव्हा ते चाकणच्या एका परचेस अधिकाऱ्याला दाखवावे असे ठरले. निघोज्याला माल पोचवावयास निघालेल्या टेम्पोत भाचाही बसला. टेम्पो तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे अडकला, आणि त्या अवधीत भाच्याने आम्हांला फोनवरून समजावले की, पृथ्वी आणि मंगळ यांच्यामधील संदेशवहनाची अडचणसुद्धा या पद्धतीत विचारात घेतलेली आहे. कंपनीत पोचल्यावर अधिकाऱ्याने आपल्या टेबलावरील संगणकात नाव टंकित केले, आणि यंत्राने असे कोणतेही ठिकाण अस्तित्वात नसल्याचे कळविले; कारण सामान्य ब्राउझर फक्त रूढ नावांची यादी जाणतो, आणि डॉट ईथ त्या यादीत नाही. भाच्याने सांगितले की, नावापुढे डॉट लिमो असे आणखी एक शेपूट जोडावे. ते शेपूट मात्र रूढ यादीतले, भाड्याचे, कोणाच्या तरी मालकीचे असते. म्हणजे मध्यस्थ नको म्हणून काढलेल्या वाटेच्या तोंडाशी पुन्हा एक मध्यस्थ उभा. अधिकाऱ्याने तेही जोडले. या खेपेस कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेने ते ठिकाण संशयास्पद ठरवून अडविले. मंगळाचे काय झाले असते ते सांगता येत नाही; निघोज्याला पान पोचले नाही.

या शेपटांच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ते ऐकून दाजीसुद्धा यंत्र बंद करून खाली बसले. डॉट लिमोच्या आधी हेच काम ईथ डॉट लिंक हे शेपूट करीत असे. त्याची नोंद इथीरियमच्या संस्थेत काम करणाऱ्या व्हर्जिल ग्रिफिथ या अमेरिकन गृहस्थाच्या हाती होती. हे गृहस्थ २०१९ साली उत्तर कोरियाच्या राजधानीत जाऊन ब्लॉकचेनवर व्याख्यान देऊन आले. अमेरिकन सरकारने तो निर्बंधांचा भंग मानला, आणि २०२२ सालच्या एप्रिलात त्यांना ६३ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या शेपटाची मुदत संपली. नूतनीकरण करू शकणारा एकटा मनुष्य तुरुंगात, नाव विक्रीस निघालेले, आणि ज्या व्यवस्थेला जगातील कोणत्याही कचेरीची गरज नाही असे सांगितले जात होते ती व्यवस्था ॲरिझोनाच्या न्यायालयात दाद मागण्यासाठी उभी, असा तो देखावा होता. न्यायालयाने सप्टेंबरमध्ये मनाईहुकूम दिला आणि नाव वाचले. कोर्टाचा शिक्का, तोही साधा, कागदावरचा. दाजींची कोर्टकचेरीविषयीची समज सखोल आहे, त्यांनी फक्त, "वकील किती घेतला असंल?" एवढेच विचारले.

आता काही व्यापारी असे आहेत की ते वार्षिक भाड्याची कटकटच ठेवीत नाहीत. एकदा पैसे भरा आणि नाव कायमचे घ्या. अनस्टॉपेबल डोमेन्स ही त्यांतील प्रमुख कंपनी. हे वाचताना आम्हांला जुन्या सनदांतील आचंद्रार्क हा शब्द आठवला: आकाशात चंद्र आणि सूर्य आहेत तोपर्यंत हे इनाम वंशपरंपरेने चालावे. चिंचवडच्या देवस्थानाला मराठेशाहीत अशा सनदा मिळालेल्या होत्या. पुढे १८५२ च्या कायद्याने इंग्रजांचे इनाम कमिशन मुंबई इलाख्यात हिंडू लागले, आणि चंद्र-सूर्य नियमितपणे उगवत असताना कित्येक इनामदारांची गावे गेली. सनदा मात्र त्यांच्या पेटीत जशाच्या तशा राहिल्या. या कंपनीने डॉट कॉइन या शेपटाची नावे विकली, आणि मग असे आढळले की एमरकॉइन नावाच्या दुसऱ्या मंडळींनी तेच शेपूट आधीपासून चालविलेले आहे. २०२२ मध्ये कंपनीने डॉट कॉइनला आपला आधार काढून घेतला. नावे खतावणीतून खोडली गेली नाहीत. ती खोडता येतच नाहीत. ज्यांनी घेतली त्यांच्या पाकिटात ती अद्याप आहेत, अक्षय्य, अढळ आणि बहुतेक सर्वत्र अनोळखी. त्या खातेदारांची व आमच्या इनामदारांच्या वंशजांची एकदा भेट घडवून आणावी, असे आम्हांला फार वाटते. संभाषणास विषयांचा तोटा पडणार नाही.

नाव कोणी काढून घेऊ शकत नाही, ही प्रतिज्ञा मालकाच्या बाबतीत लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या डिजिटल पाकिटात हे नाव असते त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्दांची एक असंबद्ध ओळ. ती हरवली तर वारसदाखला, मुखत्यारपत्र वा आमदारांची चिठ्ठी यांपैकी कशाचाही उपयोग नाही, आणि ती दुसऱ्याच्या हाती लागली तर तोच मालक. अर्थात ती हाती लागण्यासाठी गणित येण्याची आवश्यकता नसते. २०२२ सालच्या आरंभी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी काही जणांना अटक केली ती या आरोपावरून की, ३०० कोटींचे बिटकॉइन जवळ असल्याच्या समजुतीने त्यांनी एका इसमाला पळवून नेले. आणि अटक झालेल्यांत पोलीस दलातीलच एक शिपाई होता. आमच्या बहिणीने ही बातमी वाचल्यापासून भाच्याचे ते बारा शब्द देवघरात हळद-कुंकवाच्या डब्याखाली ठेवले असून, नाव जाहीर करण्याचा विषय घरात निघाला की ती आधी दाराची कडी लावते.

ब्लॉकचेन मुळातच निरुपयोगी आहे असा मात्र आमचा ग्रह नाही. त्याच २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागाने ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर चढविल्या, जेणेकरून बनावट दाखला ताबडतोब ओळखता यावा. ही योजना आम्हांला समजण्याजोगी वाटते. तेथे प्रमाणपत्र देणारे उपविभागीय अधिकारी आहेत, त्यांची सही आहे, आणि खतावणी फक्त त्या सहीची साक्षीदार आहे. आमच्या भाच्याच्या खतावणीला साक्ष देण्यासाठी सहीच नव्हती, आणि त्याला त्याचाच अभिमान होता.

तो अभिमान गेल्या महिन्यात एका छापील अर्जावर येऊन आदळला. निघोज्याच्या त्या कंपनीने अखेर दाजींना व्हेंडर कोड देण्याचे मान्य केले आणि अर्ज धाडला: नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, पॅन, उद्यम नोंदणी, आणि पैसे कोठे जमा करावेत त्याचा तपशील. शेवटच्या रकान्यात भाच्याने मोठ्या निर्धाराने डॉट ईथचे नाव लिहिले. अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत एकच शेरा होता: रद्द केलेला धनादेश जोडावा. भाच्याने फोन करून समजावण्याचा प्रयत्न केला की, हे नाव कोणालाही रद्द करता येत नाही हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, "साहेब, रद्द केलेलाच लागतो."

दाजींचे चेकबुक संपलेले होते. नव्यासाठी बँकेने लेटरहेडवर अर्ज आणि त्यावर संस्थेचा गोल शिक्का मागितला; जुना शिक्का झिजून त्यातला गणेश वाचता येईनासा झाला होता. तेव्हा भाचा पिंपरीच्या बाजारात शिक्के करणाऱ्याकडे गेला, आणि आता करावयाचाच आहे तर नवेच नाव घालावे, या विचाराने त्याने डॉट ईथसकट अक्षरे लिहून दिली. शिक्केवाल्याने कागद दिव्यापुढे धरून निरखला, अक्षरे मोजली, गोलात बसतात याची खात्री करून घेतली, आणि मधल्या ओळीसाठी प्रोप्रायटर घालू की पार्टनर, असे विचारले. भाच्याने प्रोप्रायटर सांगितले. शिक्का चार वाजेपर्यंत मिळेल, पैसे समोरच्या क्यूआरवर टाका, असे म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद हाती घेतला. तो श्री गणेश इंजिनिअरिंग वर्क्सचा होता, वजनकाट्यामागच्या.